विश्लेषण : वाय-फायच्या काड्या फुल, तरी इंटरनेट बंद... एकाच ‘पत्त्या’चे दोन दावेदार कसे शोधायचे?

पुणे-सोलापूर महामार्गावरच्या मोडनिंबसारख्या (ता. माढा) बाजाराच्या गावात आता सेवा केंद्र, मेडिकल, आडत दुकान अशा सगळ्यांचेच काम फायबरच्या जोडणीवर चालते. लांबच्या खोलीत रेंज मिळावी म्हणून दुसरा राउटर बसवला जातो, पाठोपाठ सीसीटीव्ही आणि वाय-फाय प्रिंटर येतो. मग एके दिवशी फोनवर वाय-फायची खूण दिसते, पण पान उघडत नाही. पीकविम्याची मुदत संपत आली असेल, तर असा एक तासही शेतकऱ्याला महाग पडतो. अशा वेळी दोष लाइनला दिला जातो. प्रत्यक्षात अनेकदा बिघाड आतच असतो, दोन उपकरणांना मिळालेल्या एकाच आयपी पत्त्यात.

पत्ता सारखा का निघतो?

आयपीच्या जुन्या, म्हणजे चौथ्या आवृत्तीत जेमतेम ४२९ कोटी पत्ते आहेत. त्यांचा जागतिक मध्यवर्ती साठा फेब्रुवारी २०११ मध्ये वाटून संपला. घरांतर्गत वापरासाठी १९९६ च्या मानकानुसार काही पत्ते राखीव आहेत. १९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते त्यातलेच. ‘मारुती मंदिरामागे, पहिले घर’ हा पत्ता गावोगावी चालतो, तसे हे पत्ते घरोघरी चालतात. मात्र एकाच गावात अशी दोन घरे निघाली, की टपालवाला गोंधळतो. अनेक राउटर कारखान्यातूनच १९२.१६८.१.१ हा पत्ता घेऊन येतात. असे दोन राउटर एकमेकांना जोडले, की गोंधळ ठरलेलाच.

नेमके काय बिघडते?

पहिला प्रकार : राउटरला दोन बाजू असतात. एक कंपनीच्या खोक्याकडची (वॅन), दुसरी घराकडची (लॅन). दोन्हीकडे १९२.१६८.१ याच मालिकेतले पत्ते आले, तर कोणते पाकीट बाहेर पाठवायचे आणि कोणते आत, हे राउटरला ठरवता येत नाही. बाहेरच्या खोक्याचा पत्ताही १९२.१६८.१.१ असेल, तर तो आपलाच समजून राउटर पाकीट पुढे पाठवतच नाही.

दुसरा प्रकार : प्रिंटर किंवा सीसीटीव्हीला कायमचा पत्ता हाताने दिलेला असतो. राउटर तोच पत्ता नव्याने आलेल्या फोनला वाटतो. ‘हा पत्ता कोणाचा?’ या प्रश्नाला दोघेही ‘माझा’ म्हणतात. ज्याचे उत्तर शेवटी नोंदले गेले, त्याच्याकडे माहिती जाते. म्हणून नेट कधी चालते, कधी थांबते. राउटर बंद-चालू केल्यावर पत्ते नव्याने वाटले जातात आणि अडचण मिटल्यासारखी वाटते. काही दिवसांनी ती परत येते.

कसे शोधायचे?

- दुसरा राउटर काढून फोन थेट कंपनीच्या वाय-फायला जोडा. नेट चालले, तर लाइन ठीक आहे.
- दुसऱ्या राउटरच्या स्टेटस पानावर वॅन आणि लॅनचे पत्ते पाहा. पहिले तीन आकडे सारखे असतील, तर बहुतेक घरांत दोष तिथेच सापडतो.
- संशयित प्रिंटर बंद करून लॅपटॉपवरून त्याच्या पत्त्याला पिंग करा. बंद उपकरणाच्या पत्त्यावरूनही उत्तर आले, तर तो पत्ता दुसरा कोणीतरी वापरतो आहे.

उपाय काय?

दुसऱ्या राउटरचा लॅन पत्ता १९२.१६८.२.१ करा. किंवा त्याला ॲक्सेस पॉइंट मोडवर ठेवा, म्हणजे पत्ते वाटण्याचे काम एकटा मुख्य राउटर करील. प्रिंटर आणि सीसीटीव्हीचे पत्ते मुख्य राउटरमध्येच ‘रिझर्व्ह’ करावेत. बदल करण्यापूर्वी जुन्या सेटिंगचा फोटो काढून ठेवावा.

मोठ्या जाळ्यातही हेच?

एका पत्त्याचे दोन दावेदार जगालाही अडवतात. २४ फेब्रुवारी २००८ रोजी पाकिस्तान टेलिकॉमने देशात यूट्यूब रोखण्यासाठी त्याचे पत्ते आपल्याकडे असल्याचे जाहीर केले. ती घोषणा देशाबाहेर गेली आणि सुमारे दोन तास जगातल्या बऱ्याच भागांत यूट्यूब बंद पडले. घरातले आणि कंपनीच्या जाळ्यातले पत्ते एकमेकांवर आदळू नयेत, म्हणून २०१२ मध्ये कंपन्यांसाठी १००.६४ पासूनची वेगळी मालिका राखली गेली. सहाव्या आवृत्तीत पत्त्यांची टंचाई नाही आणि पत्ता वापरण्याआधी तो दुसऱ्या कोणाकडे नाही ना, हे तपासण्याची सोय मूळ रचनेतच आहे. पण जुनी आवृत्ती वापरात आहे, तोवर दुसरा राउटर जोडण्याआधी त्याचा पत्ता पाहून घ्यावा. दोन मिनिटांचे हे काम रांगेत उभ्या असलेल्या माणसाचा हेलपाटा वाचवू शकते.