दुसरी सही राहून गेली तर...

उत्तराखंडात २७ जानेवारी २०२५ रोजी समान नागरी संहिता अमलात आली आणि देशभरातील चर्चेत गोव्याचे नाव पुन्हा झळकू लागले. मार्च २०२१ मध्ये पर्वरी येथील उच्च न्यायालयाच्या नव्या इमारतीच्या उद्घाटनप्रसंगी तत्कालीन सरन्यायाधीश शरद बोबडे यांनीही गोव्याच्या नागरी कायद्याचा गौरव केला होता. बाहेरच्यांना या कायद्याचे असे अप्रूप असताना, ज्यांना तो जन्मापासून मृत्यूपर्यंत लागू आहे त्या गोमंतकीयांना तो कितपत ठाऊक आहे, हा प्रश्न मात्र फारसा कुणी विचारत नाही. वकिलाची आठवण होते ती बहुधा न्यायालयाची नोटीस दारात आल्यावर. तोवर निम्मे नुकसान होऊन गेलेले असते.

या कायद्याचे मूळ १८६७च्या पोर्तुगीज नागरी संहितेत आहे. पोर्तुगालमध्ये प्रजासत्ताक आल्यानंतर १९१०च्या आदेशांनी विवाह हा नागरी करार ठरला आणि घटस्फोटाची सोय झाली. मुक्तीनंतर १९६२च्या प्रशासन कायद्याने हे कायदे पुढे चालू ठेवले. हिंदू विवाह कायदा आणि हिंदू वारसाहक्क कायदा गोव्याला लागू झाले नाहीत. पत्रादेवीचा नाका ओलांडला की कुटुंबाचा कायदाच बदलतो, तो असा. सावंतवाडी, दोडामार्ग, खानापूर, बेळगाव या भागांशी गोव्याची सोयरीक पिढ्यान्पिढ्यांची आहे. त्यामुळे हा फरक केवळ अभ्यासकांच्या कुतूहलाचा विषय राहत नाही.

फरकाची पहिली खूण लग्नातच दिसते. नाक्यापलीकडे सप्तपदी पूर्ण झाली की हिंदू विवाह पूर्ण होतो. नोंदणी हा त्याचा पुरावा. गोव्यात मात्र विवाह सिद्ध होतो तो नागरी निबंधकाच्या कार्यालयात, तोही दोन टप्प्यांत. वधू-वरांनी प्रथम विवाहाच्या इराद्याची घोषणा करून सही करायची, त्यावर हरकतींसाठी नोटीस लागते आणि ती मुदत संपल्यावर पुन्हा जाऊन दुसरी सही करायची. दुसऱ्या सहीनंतरच कायद्याच्या दृष्टीने ती दोघे पती-पत्नी होतात. चर्चमध्ये होणाऱ्या विवाहांची वाट थोडी निराळी आहे. तेथे निबंधकाचा ना-हरकत दाखला घेऊन धर्मविधी होतो आणि त्याची नोंद मग निबंधकाकडे उतरवली जाते. हिंदू कुटुंबांत गडबड होते ती पहिल्या आणि दुसऱ्या सहीच्या मधल्या दिवसांत. मुहूर्त, हॉल, पाहुणे, नोकरीची रजा या धांदलीत दुसरी सही ‘नंतर करू’ म्हणून मागे पडते. अक्षता पडलेल्या असतात, गावजेवण झालेले असते. लग्न झाले नाही असे म्हणण्याची कुणाची छाती असणार?

समजा, फोंड्यातील एका तरुणाने सावंतवाडीच्या मुलीशी लग्न केले. पहिली सही झाली, थाटात लग्न लागले, दुसरी सही राहिली. दहा वर्षांत त्याने आपल्या नावावर सदनिका घेतली, हप्ते दोघांच्या पगारातून गेले आणि एका अपघातात तो दगावला. मूल नाही. दुसरी सही झालेली असती तर निम्मी सदनिका तिचीच होती. वारसा म्हणून नव्हे, स्वतःची मालमत्ता म्हणून. उरलेल्या अर्ध्या भागाचा वारसा तेवढा त्याच्या आई-वडिलांकडे गेला असता. सहीअभावी मात्र ती कायद्याच्या नजरेत पत्नीच नाही आणि सबंध सदनिकेवर सासू-सासऱ्यांचा दावा उभा राहतो. हप्ते भरल्याचा पुरावा देत तिला वेगळी लढाई लढावी लागते. नवऱ्याच्या हयातीतच दोघांचे बिनसले असते, तर २००५च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याचा आधार तिला घेता आला असता, कारण त्या कायद्यात विवाहसदृश नात्यालाही संरक्षण आहे. पण संरक्षण मिळणे वेगळे आणि अर्ध्या घराची मालकीण असणे वेगळे.

नोंदणी करून घ्यायला वकील लागत नाही. ती राहून गेली आहे, किंवा विवाह एका राज्यात आणि नोंद दुसऱ्या राज्यात झाली आहे, असे लक्षात आले तर मात्र त्याच आठवड्यात वकील गाठावा. गोमंतकीय वर आणि सिंधुदुर्गातील विवाह अशा जोडप्याला नेमका कोणता कायदा लागू होतो, हे शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या अनुभवावरून ठरवण्याजोगे नाही.

निम्मी सदनिका पत्नीची कशी, याचे उत्तर मालमत्तेच्या समाईक मालकीत आहे. लग्नापूर्वी वेगळा करार केला नसेल, तर लग्नाआधीची आणि नंतरची दोघांची मालमत्ता, काही अपवाद वगळता, एक होते आणि तिच्यात दोघांचा निम्मा वाटा असतो. आयकर खात्यानेही हे मान्य केले आहे. आयकर कायद्यानुसार या व्यवस्थेतील दांपत्याचे पगाराव्यतिरिक्तचे उत्पन्न दोघांत समान विभागले जाते. ज्यांना ही व्यवस्था नको असेल त्यांनी लग्नाआधी नोटरीसमोर करार करायचा असतो. लग्नानंतर तो करता येत नाही की बदलताही येत नाही. म्हणजे वकिलाकडे जाण्याची खरी वेळ साखरपुड्यानंतरची आहे. ‘लग्नाआधीच वाटण्यांची भाषा?’ असे म्हणून वडीलधारी मंडळी नाक मुरडतात खरी. पण व्यवसायात कर्ज काढलेला मुलगा किंवा स्वतःचे दुकान चालवणारी मुलगी यांच्यासाठी तो प्रश्न अशुभ नसून व्यवहाराचा आहे.

याच समाईक मालकीमुळे गोव्यातील खरेदीखतांवर नवऱ्याबरोबर बायकोची सही लागते आणि वडिलोपार्जित घराच्या वाटणीत सुना-जावईही पक्षकार होतात. दुबईला असलेल्या जावयाच्या एका सहीसाठी वर्षभर अडलेले व्यवहार गोव्यात नवलाचे नाहीत.

मृत्यूनंतरचे काम २०१२च्या गोवा वारसाहक्क, विशेष नोटरी आणि इन्व्हेंटरी प्रक्रिया कायद्याने चालते. तो डिसेंबर २०१६ मध्ये अमलात आला. सर्व वारसांचे एकमत असेल तर नोटरीसमोर वारसांची नोंद आणि वाटणीचे खत एवढ्यावर काम भागते. मतभेद असला की इन्व्हेंटरीचा दावा. त्यात मालमत्तेची यादी होते, मूल्य ठरते आणि वारसांमध्ये आपसांत बोली लागू शकते. जास्त बोली लावणारा घर घेतो आणि इतरांना त्यांच्या हिश्श्याचे पैसे देतो. कागदावर हे न्याय्य दिसते. प्रत्यक्षात ज्याच्या हाती रोकड आहे त्याला घर मिळते आणि जो आयुष्यभर त्या घरात राहिला, आई-वडिलांचे म्हातारपण ज्याने काढले, तो पैसे घेऊन बाहेर पडतो. या दाव्याची नोटीस आली की तारखेची वाट न पाहता वकील नेमणे, यात कंजुषी करू नये.

मुलींच्या बाबतीत सावधगिरी आणखी एका ठिकाणी हवी. गोव्यात मुलीचा वाटा मुलाइतकाच, आणि मृत्युपत्र करूनही सक्तीच्या वारसांचा निम्मा हिस्सा बापाला हिरावता येत नाही. हा हक्क व्यवहारात नाहीसा होतो तो हक्कसोडीच्या खताने. बारावे-तेरावे उरकले की भाऊ बहिणींना नोटरीकडे नेतात. माहेर तुटू नये म्हणून त्या सही करतात. त्यातल्या कित्येकींनी ते खत वाचलेलेही नसते. स्वखुशीने हक्क सोडण्यात गैर काहीच नाही. पण केलेली हक्कसोड मागे घेणे जवळपास अशक्य असते, म्हणून ते खत आधी स्वतःच्या वकिलाला दाखवावे. भावाने आणलेला वकील हा भावाचा वकील असतो.

गोव्याबाहेर स्थायिक झालेल्या कुटुंबांनी २०१९चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल ध्यानात ठेवावा. न्या. दीपक गुप्ता आणि न्या. अनिरुद्ध बोस यांच्या पीठाने असे ठरवले, की गोमंतकीय अधिवास असलेल्या व्यक्तीच्या मालमत्तेचा वारसा, ती मालमत्ता भारतात कुठेही असली तरी, गोव्याच्या कायद्याने ठरेल. त्या दाव्यातील वादाची मालमत्ता मुंबईची होती. मुंबईत किंवा पुण्यात घर असलेल्या गोमंतकीयाने तेथील वकिलाकडून मृत्युपत्र करून घेतले आणि त्या वकिलाला हा निकाल ठाऊक नसला, तर ते मृत्युपत्र निम्मे निष्फळ ठरू शकते. तेव्हा वकील निवडताना तो नावाजलेला आहे का, यापेक्षा त्याने इन्व्हेंटरीचे दावे चालवले आहेत का, हे आधी विचारावे. शुल्क लेखी ठरवून घ्यावे. निकालावर अवलंबून असलेले शुल्क किंवा मिळणाऱ्या मालमत्तेत वाटा मागणे वकिलांच्या व्यावसायिक नियमांना मंजूर नाही.

ज्यांना शुल्क परवडत नाही त्यांच्यासाठी १९८७च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याची सोय आहे. स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती आणि दिव्यांग यांना त्याखाली उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. त्यासाठीचा राष्ट्रीय दूरध्वनी क्रमांक १५१०० आहे. दुसरी सही झाली होती की नाही, याविषयी मनात शंका असलेल्यांनी मात्र आधी तालुक्याच्या निबंधक कार्यालयात जाऊन आपल्या विवाह नोंदीची प्रत मागावी. त्यासाठी वकील लागत नाही.