सेनापतीवर विसंबलेला शेतकरी पक्ष

९ डिसेंबर १९२२. वॉर्सॉत राष्ट्राध्यक्षपदासाठी मतदानाची पाचवी फेरी. एकीकडे पोलंडमधील बडे जमीनदार काउंट झामोयस्की, दुसरीकडे झुरिकमध्ये प्राध्यापकी केलेले जलअभियंते गाब्रिएल नारुतोविच. नारुतोविच यांचे नाव सुचवले होते ‘विझ्वोलेन्ये’ने. शब्दाचा अर्थ मुक्ती. पक्ष डाव्या विचारांच्या शेतकऱ्यांचा, स्थापना १९१५ची, पूर्वी रशियाच्या ताब्यात असलेल्या पोलंडमधली.

विन्सेंती व्हितोस यांचा ‘प्यास्त’ हा मवाळ शेतकरी पक्ष त्या फेरीत जमीनदाराच्या पाठीशी गेला नाही. निकाल लागला २८९ विरुद्ध २२७. आठवडाभरातच, १६ डिसेंबरला, एका चित्रप्रदर्शनात नारुतोविच यांची गोळ्या झाडून हत्या झाली.

ती एकजूट टिकली नाही. मे १९२३मध्ये व्हितोस यांनी लान्त्स्कोरोना करार करून उजव्या राष्ट्रवाद्यांशी हातमिळवणी केली. शेतकरी चळवळीच्या ऱ्हासाचे खापर बहुधा याच करारावर फुटते. तो दोष खराच. परंतु त्याहून जड चूक ‘विझ्वोलेन्ये’च्या पदरात पडते.

जमीन हा या पक्षाचा प्राण होता. बोल्शेविक फौजा चाल करून येत असताना, जुलै १९२०मध्ये, संसदेने मोठ्या जमिनींच्या वाटपाचा कायदा केला. संकट टळले आणि कायदा बहुतांशी कागदावरच राहिला. संसदेतून जमीन मिळत नाही, या वैतागातून पक्षाची दृष्टी पुन्हा जुन्या आधाराकडे, मार्शल पिल्सुदस्कींकडे वळली. मे १९२६मध्ये त्यांनी व्हितोस यांचे सरकार बंदुकीच्या बळावर उलथवले, तेव्हा ‘विझ्वोलेन्ये’ त्यांच्या बाजूने उभा होता. प्रतिस्पर्धी पडल्याचे समाधानही त्यात असावे.

ऑक्टोबर उजाडला आणि हेच मार्शल न्येस्विएझ येथील राद्झिविल घराण्याच्या वाड्यात सरदार-जमीनदारांचे पाहुणे झाले. ज्यांच्या जमिनी वाटायच्या, त्यांच्याच पंक्तीला! कष्टकऱ्यांच्या पक्षाने संसदेचा कंटाळा करून सेनापतीला वाट मोकळी करून दिली, तर तो सेनापती कोणाच्या ओसरीवर जाऊन बसेल हे ठरवण्याचा अधिकार त्या पक्षाकडे उरत नाही.

उमज पडली, पण उशिरा. १९२९मध्ये ‘विझ्वोलेन्ये’ पिल्सुदस्कीविरोधी आघाडीत सामील झाला. १९३०च्या सप्टेंबरमध्ये विरोधी नेत्यांची धरपकड झाली आणि ब्रेस्तच्या किल्ल्यात व्हितोस यांच्याबरोबरच ‘विझ्वोलेन्ये’चे बागिन्स्की आणि पुतेक हेही कैदी म्हणून पोहोचले. मार्च १९३१मध्ये दोन्ही पक्ष, तिसऱ्या एका शेतकरी पक्षासह, एकत्र आले. तोवर संसदेत बहुमत सरकारी गटाचे झाले होते.