हंडा वाहणारी मुलगी ‘सक्रिय’ कशी ठरते?

नोव्हेंबर 2019 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने एक मोठा अभ्यास जाहीर केला. 146 देश, 11 ते 17 वयोगटातले 16 लाख शाळकरी मुलंमुली, आणि एकच प्रश्न : ही मुलं दिवसातून किमान तासभर अंग हलवतात का? उत्तर आलं की 81 टक्के मुलं हलवत नाहीत. आपल्याकडच्या चर्चेत यातून निघालेलं वाक्य ठरलेलंच होतं, ‘आजची पिढी मोबाइलमुळे आळशी झाली’. त्यापुढे फारसं कोणी वाचलं नाही.

पुढे वाचण्यासारखं बरंच होतं. अपुरी हालचाल करणाऱ्या मुलींचं प्रमाण सर्वांत कमी होतं बांगलादेशात आणि त्याखालोखाल भारतात. दक्षिण कोरियात 97 टक्के मुली या परीक्षेत नापास, आणि आपल्या मुली जगात दुसऱ्या. असं का, याचा संशोधकांनी अंदाजही दिला. भारतातली मुलं गल्लीबोळात क्रिकेट खेळतात म्हणून त्यांचे आकडे बरे असावेत, आणि मुलींचे बरे आहेत ते बहुधा त्यांच्यावर घरकाम जास्त असतं म्हणून.

म्हणजे मुलगा खेळला म्हणून पास आणि मुलगी राबली म्हणून पास. आकडा मात्र एकाच रकान्यात.

मी संशोधकांना दोष देत नाही. त्यांच्या मोजणीत खेळ, चालणं, सायकल यांच्याबरोबर अंगमेहनतीचं घरकाम धरलेलं आहे, आणि ते त्यांनी लपवलेलं नाही. शरीरशास्त्राच्या दृष्टीने त्यात चूकही नाही. पंधरा लिटरचा हंडा डोक्यावर घेऊन चढ चढणाऱ्या मुलीचं हृदय धावणाऱ्या मुलीइतकंच धडधडतं. कमरेला लावायचं ते ॲक्सेलरोमीटर नावाचं छोटं यंत्र शरीर किती हललं एवढंच नोंदवतं. कोणाच्या हुकमावरून हललं, हे त्याला कळत नाही. ते कळून घेण्याचं काम समाजशास्त्राचं आणि आपलं आहे.

बाबासाहेबांनी या प्रश्नाचं मूळ 1945 मध्येच सांगून ठेवलं आहे. ‘व्हॉट काँग्रेस अँड गांधी हॅव डन टू द अनटचेबल्स’ या ग्रंथात गांधीवादाची चिकित्सा करताना ते यंत्राच्या बाजूने उभे राहतात. का? कारण पशूचं जगणं आणि माणसाचं जगणं यातला फरक संस्कृतीमुळे पडतो, संस्कृतीसाठी फुरसत लागते, आणि कष्टकऱ्याला फुरसत मिळायची असेल तर त्याच्या अंगावरचं ओझं यंत्राने उचललं पाहिजे, असा तो युक्तिवाद आहे. चरख्याच्या आणि स्वयंपूर्ण खेड्याच्या गोडव्यांना दिलेलं हे उत्तर होतं. आज तेच गोडवे आरोग्याच्या भाषेत परत आलेत. ‘आमच्या काळी आम्ही पाणी भरायचो, जात्यावर दळायचो, म्हणून ठणठणीत होतो’ असं सांगणाऱ्या फॉरवर्ड मेसेजांमध्ये ‘आम्ही’ म्हणजे कोण, एवढं एकदा विचारून बघा.

आता आंतरराष्ट्रीय प्रगतिपुस्तकाकडे येऊ. 2014 पासून ‘ग्लोबल मॅट्रिक्स’ नावाचा उपक्रम देशोदेशींच्या मुलांच्या हालचालीला शाळेसारखी ‘ए’ ते ‘एफ’ श्रेणी देतो. सुरुवातीला 15 देश होते, 2022 च्या चौथ्या फेरीत 57 झाले. भारतही त्यात आहे. त्यातला एक निकष म्हणजे मुलं शाळेत चालत किंवा सायकलने जातात का. युरोपातल्या शहरात हा निकष अगदी योग्य. तिथे दारात गाडी उभी असताना मूल चालत गेलं तर पालकांचं आणि नगरपालिकेचं कौतुक करायलाच हवं. आपल्याकडे पारधी तांड्यावरचं किंवा गावकुसाबाहेरच्या बौद्धवाड्यातलं मूल चालतं, कारण एसटी नाही आणि शाळा लांब आहे. 2023 मध्ये महाराष्ट्र सरकारने कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा उभारण्याची योजना पुढे आणली. वाडीवरची शाळा बंद झाली तर मुलांची चाल वाढेल. प्रगतिपुस्तकात श्रेणी सुधारेल, आणि सातवीनंतर मुलगी घरी बसेल. घरी बसलेली मुलगी तर पुढच्या पाहणीत मोजलीच जाणार नाही, कारण 2019 चा तो अभ्यास शाळकरी मुलांचा होता.

ही गोष्ट मला सगळ्यात जास्त खुपते. जे शाळेत आहेत तेच आकड्यात आहेत. दिवाळीच्या आसपास बीडहून कोयता निघतो, तेव्हा आईबापाबरोबर फडात जाणारी पोरं कोणाच्या यादीत असतात? मोठी मुलगी कोपीवर धाकट्यांना सांभाळते, पाणी आणते, चूल पेटवते. गाडी भरायला रात्री-अपरात्री उठावं लागलं की तिचीही झोप मोडते. हालचालीत ती जगातल्या कुठल्याही मुलीला मागे टाकेल. वीज नसलेल्या कोपीत स्क्रीनसमोरचा वेळही नगण्य. तीनपैकी दोन निकषांवर ‘ए’. अशा ‘ए’चं करायचं काय?

तिसरा निकष झोपेचा. पाच वर्षांखालच्या मुलांसाठी आरोग्य संघटनेने एप्रिल 2019 मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या. तीन-चार वर्षांच्या मुलाने दिवसभरात 180 मिनिटं हालचाल करावी, त्यातली 60 जोरकस असावीत, स्क्रीन तासाच्या वर नको आणि झोप 10 ते 13 तास हवी. सूचना चांगल्या आहेत, त्यामागे अभ्यास आहे. पण हे सगळं कुठे घडायचं, याची काही पूर्वअट आहे. दहा बाय दहाच्या खोलीत सहा माणसं, दुसऱ्या पाळीवरून बाप रात्री साडेबाराला येतो, पहाटे चारला नळाला पाणी येतं. या घरातल्या चार वर्षांच्या मुलाने सलग झोपायचं कोणत्या कोपऱ्यात?

दर 14 एप्रिलला आपण एक गोष्ट सांगतो. परळच्या चाळीतली एकच खोली, रामजीबाबा रात्री दोनपर्यंत जागे राहायचे, मग भीमरावांना अभ्यासाला उठवायचे आणि स्वतः आडवे व्हायचे. ही जिद्दीची गोष्ट आहे, यात वाद नाही. मीही ती विहारात मुलांना डोळ्यांत पाणी आणून सांगितली आहे. अलीकडे मात्र मला ती घराची गोष्ट म्हणूनही ऐकू येते. मुलाला शांतता मिळावी म्हणून बापाने आपली झोप द्यायची, कारण खोली एकच होती. शंभराहून अधिक वर्षं झाली. किती वस्त्यांमध्ये हा हिशेब बदलला?

मोबाइलचंही तसंच. ‘झोपडपट्टीतल्या आया पोराच्या हातात फोन देऊन मोकळ्या होतात’ हे वाक्य मी शिकल्या-सवरलेल्या आपल्याच माणसांकडून ऐकलं आहे. चार घरची धुणीभांडी करणारी बाई पोराला कोणाकडे ठेवणार? अंगणवाडी काही तासांची. पाळणाघर नाही. बाहेर नाला आणि भरधाव रिक्षा. मुंबईत दर माणशी मोकळी जागा सव्वा चौरस मीटरच्या आसपास भरते, म्हणजे एक चटई अंथरण्याइतकी, आणि तीही सगळ्यांना सारखी वाटलेली नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या 2009 च्या परिशिष्टात प्रत्येक शाळेला मैदान हवं असं लिहिलंय. वस्तीतल्या इंग्रजी शाळेचं मैदान अनेकदा गच्चीवर असतं, तेही कुलूपबंद. अशा ठिकाणी फोन हे त्या आईचं पाळणाघर आहे. तिला तासाचा नियम सांगण्याआधी मैदानाचं कुलूप कोणाकडे आहे ते विचारायला हवं.

आपल्यातले काही कार्यकर्ते यावर म्हणतील, हे सगळे पोट भरलेल्यांचे चोचले. आपल्याला मोजणीच नको. मला हे मान्य नाही. वस्तीत तिशीतच मधुमेह झालेली माणसं मी बघते, आणि त्यांची पोरं दिवसभर रीळ बघतात. हा आपला प्रश्न झालेला आहे. शिवाय बाबासाहेब कधी आकड्यांपासून पळाले नाहीत. महाडचा सत्याग्रह झाला त्याच मार्च 1927 मध्ये ते मुंबई विधिमंडळात शिक्षणाच्या अनुदानावर बोलले, तेव्हा त्यांनी प्रांताची सरासरी पुढे केली नाही. समाजाचे थर वेगवेगळे मांडले आणि दाखवलं की लोकसंख्येत दुसऱ्या क्रमांकावर असलेला मागास वर्ग शिक्षणात शेवटच्या क्रमांकावर आहे. सरासरी फोडली की अन्याय दिसतो, ही ती पद्धत.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी हेच करते. तिच्या 2019-21 च्या फेरीत अनुसूचित जमातींतली 41 टक्के आणि अनुसूचित जातींतली 39 टक्के मुलं वयाच्या मानाने खुजी निघाली, कोणत्याही राखीव गटात न मोडणाऱ्या ‘इतर’ घरांतली 30 टक्के. उंची जातीनुसार मांडता येते, तर झोप का नाही? खेळ का नाही? देशोदेशींच्या तक्त्यांत मुलगा-मुलगी, श्रीमंत देश-गरीब देश असे भाग पडतात, आणि भारत मात्र एक अखंड ठोकळा म्हणून बसतो. त्या ठोकळ्यात गच्चीबंद सोसायटीतलं लठ्ठ मूल आणि फडातली मुलगी मिसळून एक मध्यम श्रेणी तयार होते, जी दोघांपैकी कोणाचीच नसते.

गेल्या उन्हाळ्यात आमच्या वस्तीत एका संस्थेच्या दोन मुली असाच फॉर्म घेऊन आल्या होत्या. मूल किती वेळ खेळतं, किती वेळ स्क्रीन बघतं, किती वाजता झोपतं. अकरा वर्षांच्या एका मुलीच्या फॉर्मवर ‘सक्रिय’ अशी खूण झाली. ती शेजारीच उभी होती, कडेवर भाऊ. मी विचारलं, यात पाणी भरलेलं किती आणि खेळलेलं किती? त्या दोघी अडखळल्या. फॉर्ममध्ये तसा रकाना नव्हता. स्वभावाने भल्या होत्या, चहा घेता घेता ऐकून घेतलं. मग फॉर्मच्या मागच्या कोऱ्या बाजूला तीन प्रश्न लिहिले गेले : यातलं काम किती आणि खेळ किती, घरात झोपायला खोल्या किती, आणि कुटुंबाची जात कोणती. पुढची फेरी दिवाळीनंतर आहे. ते प्रश्न छापून येतात का हे बघायला त्या दिवशी विहारात आम्ही वस्तीतल्या मोठ्या मुलींनाच बसवणार आहोत, आणि नाही आले तर फॉर्म त्याच भरून घेणार आहेत, मागच्या बाजूसकट.