मुठीत मावणारा वारसा

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आपल्याकडे तान्हा पोळा भरतो. लेकरं चाकं लावलेला लाकडी नंदी सजवून ओढत आणतात, तोरणाखाली उभी राहतात आणि मग घरोघरी बोजारा, म्हणजे पोळ्याची भेट, मागायला निघतात. सिंदी रेल्वे या गावचा तान्हा पोळा तर सगळ्या विदर्भात नावाजलेला. काही घरांतले नंदी आजोबा-पणजोबांच्या काळातले आहेत. त्यांना रंगाचा नवा हात बसतो, अंगावर झूल चढते. पण ते विकावेत असं कुणाच्या मनातही येत नाही. शेतात राबणाऱ्या जनावराचा मान त्याच्या लहानशा रूपालाही मिळतो. मी अनेक वर्षं जो छंद जोपासला आहे, त्याच्या मुळाशी हीच भावना आहे. मी युरोपातल्या जुन्या मोटारींच्या धातूच्या छोट्या प्रतिकृती जमवतो.

घरी येणारे विचारतात, वर्ध्यात राहून या परदेशी गाड्यांचं काय कौतुक? मी त्यांना कपाटाजवळ नेतो आणि आधी मॉरिस ऑक्सफर्ड दाखवतो. बघताक्षणी ते म्हणतात, ही तर आपली अँबेसेडर! बरोबरच आहे. इंग्लंडची मॉरिस ऑक्सफर्ड उत्तरपाड्याच्या कारखान्यात अँबेसेडर झाली आणि 2014 पर्यंत तिथून बाहेर पडत राहिली. कलेक्टरच्या बंगल्यापासून लग्नाच्या वरातीपर्यंत सगळीकडे तीच असायची. शेजारची फियाट 1100 इटलीची. वालचंद हिराचंद यांनी 1944 मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स उभारली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यात ही फियाट बनू लागली आणि पुढे ‘पद्मिनी’ या नावाने घराघरांत पोहोचली. मुंबईच्या रस्त्यांवरून काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी 2023 च्या ऑक्टोबरअखेर कायमची गेली, तेव्हा तिला निरोप द्यायला हळहळणारी माणसं जमली होती.

आणखी एक धागा तर थेट वर्ध्यातून निघतो. जमनालाल बजाज वर्ध्याच्या सेठ बच्छराज यांच्या घरी दत्तक नातू म्हणून आले. त्याच बच्छराजांचं नाव घेऊन 1945 मध्ये बच्छराज ट्रेडिंग कॉर्पोरेशन सुरू झाली. आजची बजाज ऑटो ती हीच. 1948 पासून ही कंपनी दुचाकी आणि तीनचाकी गाड्या परदेशातून आणून विकू लागली. पुढे इटलीच्या पियाजिओशी करार झाला आणि व्हेस्पा इथेच तयार होऊ लागली. व्हेस्पाचा आराखडा कोराडिनो दास्कानियो या विमान-अभियंत्याने केला होता, म्हणून तिचं पुढचं चाक विमानाच्या चाकासारखं एकाच बाजूने धरलेलं असतं. करार संपल्यावर 1972 मध्ये चेतक आली. स्टेशनसमोर उभ्या असलेल्या ऑटोची मूळ पणजीही पियाजिओचीच ‘आपे’. हे सगळं ठाऊक असलेल्या माणसाला युरोपची जुनी गाडी परकी वाटत नाही.

आता या प्रतिकृतींविषयी. जस्तात थोडं ॲल्युमिनियम, मॅग्नेशियम आणि तांबं मिसळून मिश्रधातू करतात. तो वितळवून जोराच्या दाबाने पोलादी साच्यात भरतात. त्यामुळे दाराची फट, जाळी, दिव्याची कड इतकी बारीक रेषही उमटते. संग्राहकांत सर्वांत रुळलेलं प्रमाण 1:43 आहे. सुमारे चार मीटर लांबीची फोक्सवॅगन बीटल या मापात साडेनऊ सेंटिमीटरची होते. हे माप खेळण्यातल्या आगगाडीमुळे आलं. लिव्हरपूलच्या फ्रँक हॉर्नबी यांनी आपल्या छोट्या रेल्वेच्या स्टेशनांवर शोभतील अशा गाड्या काढल्या आणि 1934 मध्ये त्यांना डिंकी टॉइज हे नाव मिळालं. 1956 मध्ये कॉर्गी आली, तिच्या गाड्यांना पारदर्शक खिडक्या होत्या. मॅचबॉक्सची कथा मला फार आवडते. शाळेत काडेपेटीत मावेल एवढंच खेळणं नेता येई, म्हणून जॅक ओडेल यांनी आपल्या मुलीसाठी इवलासा रोडरोलर घडवला आणि त्यातून ती मालिका उभी राहिली. डिंकीचे काही जुने साचे पुढे कोलकात्यालाही आले. तिथे घडलेल्या ‘निकी टॉइज’च्या गाड्यांना आज परदेशातले संग्राहक शोधत असतात.

नव्याने सुरुवात करणाऱ्यांना माझं सांगणं एवढंच, की महागड्या फेरारीपासून सुरू करू नका. खेळण्यांवरचं आयात शुल्क 2020 मध्ये 20 वरून 60 टक्के झालं आणि 2023 मध्ये 70 टक्के, त्यामुळे बाहेरून आलेली चांगली प्रतिकृती खिशाला जड जाते. आपल्या घरात, नात्यात, गावात जी गाडी होती तिच्यापासून सुरुवात करा. जुनी प्रतिकृती घेताना तळ नीट बघा. धातूत शिशाची भेसळ राहिली असेल तर काही वर्षांनी आतून भेगा पडतात, गाडी फुगते आणि शेवटी भुगा होतो. त्यावर औषध नाही. आपला उन्हाळा रंग उडवतो आणि पावसाळ्यातला दमटपणा धातूला बाधतो. तेव्हा कपाट उन्हापासून दूर ठेवा आणि खणात ओल शोषणाऱ्या पुड्या टाका. प्रत्येक गाडीखाली एक चिठ्ठी हवी: मूळ गाडी कोणत्या साली, कुठे बनली आणि आपल्याकडे ती कुणी वापरली. चिठ्ठीविना संग्रह म्हणजे नुसती सजावट, असं माझं ठाम मत आहे.

पुण्यात कोथरूडला भाऊ जोशी यांचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय 1998 पासून सुरू आहे. एका माणसाची आवड तिथे साऱ्या शहराची झाली. व्हेस्पा ते चेतक हा प्रवास ज्या गावच्या बच्छराजांच्या नावापासून सुरू झाला, त्या वर्ध्यात या वाहनांच्या प्रतिकृतींचं एक कपाट एखाद्या शाळेत किंवा वाचनालयात असायला हवं. त्यासाठी माझ्या संग्रहातल्या गाड्या द्यायला मी तयार आहे. तुमच्या घरी जुन्या अँबेसेडरचा, फियाटचा किंवा चेतकचा फोटो, आरसी बुक, पावती असेल तर ती रद्दीत देऊ नका. जपून ठेवा, आणि ती गाडी कुणी, कधी, कशासाठी घेतली हे घरातल्या थोरांना विचारून आजच लिहून काढा.