एक जेवण तिथल्या खानावळीत

सिंगापूर, मलेशिया किंवा बालीच्या सहलीला निघालेल्या प्रत्येकाला माझं कळकळीचं सांगणं आहे: परतीचं विमान पकडण्याआधी एक जेवण तरी तिथल्या मलय किंवा इंडोनेशियन खानावळीत जेवा.

आपल्याकडच्या सहलींच्या पत्रकांत 'रोज भारतीय जेवण' हे ठळक अक्षरांत छापलेलं असतं. वयस्कर मंडळींना, पथ्यपाणी असलेल्यांना त्याचा मोठा आधार असतो आणि तो असायलाच हवा. पण धडधाकट, सगळं खाणारी माणसंसुद्धा आठवडाभर दाल तडका आणि जिरा राइस जेवून परत येतात, याचं वाईट वाटतं. सिंगापूरच्या हॉकर सेंटरांमधली खाद्यसंस्कृती 2020 साली युनेस्कोच्या वारसा यादीत गेली. 2024 साली मलेशियाची न्याहारीची संस्कृतीही त्या यादीत आली. नासी लेमाक (नारळाच्या दुधात शिजवलेला भात), रोटी चानाय (पदर सुटलेली रोटी) आणि तेह तारिक (फेसाळ दुधाचा चहा) हे तिचे मानकरी. तिथली माणसं ज्या गोष्टीचा एवढा अभिमान बाळगतात, तिची चवही न घेता परतायचं, हे पाहुण्याला शोभत नाही.

लोक जात नाहीत त्याची कारणं मला ठाऊक आहेत. ताटात नेमकं काय येईल याची धास्ती वाटते, आणि तिथे वागायचं कसं, मागवायचं कसं हे माहीत नसतं. दोन्हींवर उपाय आहेत.

आधी एक दिलासा. हे जेवण आपल्याला वाटतं तितकं परकं नाही. भात, ओला नारळ, हळद, आलं, चिंच, मिरची हा त्यांच्याही स्वयंपाकाचा पाया आहे. कोकणात आणि गोव्यात पातोळ्यांना लागणारं हळदीचं पान तिथे बारीक चिरून रेंदांग नावाच्या मांसाच्या पदार्थात घालतात. आमटीला आंबटपणा आणणाऱ्या 'आसाम केपिंग' नावाच्या वाळलेल्या फोडी आपल्या कोकमाच्याच कुळातल्या फळाच्या असतात. भाताला सुवास देणारं पांदान केवड्याच्या जातकुळीतलं आहे, आणि गवती चहा तर परसातला. मलेशियात रेंदांगसाठी खवलेलं खोबरं तांबूस भाजून, तेल सुटेपर्यंत कुटतात. मालवणी वाटण ज्यांनी घरी केलं आहे, त्यांना तो वास ओळखीचा वाटेल.

आता जायचं कुठे? सिंगापुरात सुलतान मशिदीच्या आजूबाजूचा काम्पोंग ग्लाम भाग किंवा गेलांग सराय बाजाराच्या वरचं खाद्यकेंद्र. क्वालालंपुरात काम्पुंग बारू ही मलय वस्ती. इंडोनेशियात कुठल्याही गावात 'वारुंग' म्हणजे छोटी खानावळ दिसते, आणि 'रुमाह माकान पादांग' अशी पाटीही हमखास दिसते. पहिल्यांदाच जात असाल तर पादांग खानावळीपासून सुरुवात करा. कारण तिथे मेनूकार्ड वाचता येण्याची गरजच नसते. पदार्थ समोर दिसतात.

पश्चिम सुमात्रातल्या मिनांगकाबाउ लोकांची ही पद्धत. काचेच्या कपाटात परातींची आणि बशांची उतरंड रचलेली असते, ती रस्त्यावरूनच दिसते. तुम्ही बसलात की वाढपी एका हातावर बशांची चळत पेलत येतो आणि न विचारता दहा-बारा बशा टेबलावर मांडतो. काळपट, कोरडं रेंदांग, पिवळ्या रश्श्यातला मासा, हिरव्या मिरचीचा ठेचलेला सांबाल, कोवळ्या फणसाचं गुलाइ (नारळाच्या दुधातलं कालवण), उकडलेली कसावाची पानं, अंडी. मध्ये भात. शेजारी लिंबाची चकती टाकलेली पाण्याची वाटी. ते पाणी बोटं धुवायला असतं, प्यायचं नाही. या पद्धतीला हिदांग म्हणतात. जेवढ्या बशांना हात लावाल तेवढ्यांचेच पैसे. म्हणून आपल्या मंडळींना आधीच सांगून ठेवा: जे खायचं नाही, त्यात चमचा बुडवायचा नाही. नको असलेल्या बशा लगेच बाजूला सारून ठेवल्या तर हिशेबात घोळ होत नाही आणि कोणाला वाईटही वाटत नाही.

रेंदांगबद्दल दोन शब्द सांगायलाच हवेत. नारळाच्या दुधात मांस, गवती चहा, लेंगकुआस (आल्याच्या कुळातला कंद), हळद, मिरची असं सगळं मंद आचेवर तासन्‌तास आटवतात. आधी दूध आटतं, मग नारळाचं तेल सुटतं, आणि शेवटी मांस त्याच तेलात परतलं जातं. मूळ पदार्थ गाईच्या किंवा म्हशीच्या मांसाचा. कोंबडीचंही रेंदांग मिळतं, त्याला 'रेंदांग आयाम' म्हणतात. गोमांस खात नसाल तर नुसतं 'रेंदांग' मागवू नका.

इथेच काही शब्द पाठ करा आणि मोबाइलमध्ये लिहूनही ठेवा. आयाम म्हणजे कोंबडी. इकान म्हणजे मासा. उदांग म्हणजे कोळंबी. तेलूर म्हणजे अंडं. काम्बिंग म्हणजे बोकड. लेम्बू हा मलेशियात गाईसाठीचा शब्द, इंडोनेशियात सापी. बाबी म्हणजे डुक्कर. आणि सर्वांत महत्त्वाचा, दागिंग: याचा अर्थ मांस, पण मलेशियात मेनूवर नुसतं 'दागिंग' लिहिलं असेल तर ते गोमांसच समजा. त्यामुळे 'आम्ही दागिंग खात नाही' एवढंच सांगितलंत, तर समोरचा माणूस अगदी प्रामाणिकपणे कोंबडीचं सूप आणून ठेवील. त्याची चूक नसते. प्रत्येक वस्तूचं नाव वेगळं घ्या.

शाकाहारी वाचकांशी मी स्पष्टच बोलतो. या स्वयंपाकात भाज्या भरपूर आहेत, पण आंबवून वाळवलेल्या बारीक कोळंबीची वडी बऱ्याच पदार्थांत असते. मलेशिया-सिंगापुरात तिला बेलाचान म्हणतात, इंडोनेशियात तेरासी. ती डोळ्यांना दिसत नाही, वाटणात विरघळून जाते. सांबालमध्ये असते, परतलेल्या कांगकुंगच्या भाजीत असते, नारळाच्या दुधातल्या भाज्यांच्या लोदेहमध्ये बहुधा असते, फोडणीच्या भातात असते, आणि गादो-गादो या उकडलेल्या भाज्यांवरच्या शेंगदाण्याच्या चटणीतही असू शकते. शेजारी ठेवलेला कुरकुरीत पापड बहुतेक वेळा कोळंबीचाच असतो. नासी लेमाकवर इकान बिलिस, म्हणजे तळलेले छोटे मासे, घातलेले असतात. पादांगचं फणसाचं गुलाइ दिसतं भाजीसारखं, पण त्यात हाडांचं पाणी किंवा मांसाचे तुकडे असू शकतात. बटाट्याच्या पर्केदेलला अंड्याचं आवरण असतं आणि कधी आत खिमाही असतो.

म्हणून मलेशियात म्हणा: 'साया ताक माकान दागिंग, आयाम, इकान, उदांग, तेलूर, बेलाचान.' इंडोनेशियात 'ताक'ऐवजी 'तिदाक' आणि 'बेलाचान'ऐवजी 'तेरासी' म्हणा. 'थोडंसंच आहे' असं उत्तर आलं, तर तो पदार्थ सोडून द्या. हसून 'तेरिमा कासिह', म्हणजे धन्यवाद म्हणा आणि दुसरं काही विचारा.

मग खायचं काय? तेम्पे खा. शिजवलेल्या सोयाबीनवर बुरशीचं विरजण लावून, पूर्वापार केळीच्या पानात बांधून आंबवलेली ही जाव्हाची वडी. दाणे एकमेकांना धरून राहतात, तळल्यावर बाहेरून खुसखुशीत आणि आत मऊ लागते, आणि प्रथिनं भरपूर. ताहू म्हणजे टोफू. कसावाची उकडलेली पानं 'तान्पा कुआह', म्हणजे वर रस्सा न घालता, मागवा. मलेशियात तमिळ मुस्लिमांच्या मामाक दुकानांत 'रोटी कोसोंग' म्हणजे साधी रोटी मागा. सोबत डाळ सांगा आणि त्यावर मांसाचा किंवा माशाचा रस्सा घालू नका, हेही सांगा. अंडं चालत नसेल तर कणकेत ते आहे का, हे तिथेही विचारून घ्या.

जे कडक पथ्य पाळतात, कांदा-लसूण खात नाहीत किंवा ज्यांना तीच कढई, तोच झारा चालत नाही, त्यांना मी या खानावळीत बसून तडजोड करा असं सांगणार नाही. तिथलं स्वयंपाकघर त्यासाठी नाही. त्यांनी शुद्ध शाकाहारी ठिकाणीच जेवावं, आणि खानावळीत चहा-मिठाईपुरतं यावं. मनात शंका ठेवून खाण्यापेक्षा ते चांगलं. शेंगदाण्याची ॲलर्जी असलेल्यांनी तर फारच जपायला हवं. साते, गादो-गादो, नासी लेमाक या सगळ्यांत शेंगदाणे असतात. 'काचांग' हा शब्द लक्षात ठेवा.

मत्स्याहारी आणि मांसाहारी मंडळींनी मात्र संकोच करू नये. कोळशावर भाजलेलं कोंबडीचं साते, हळदीच्या पातळ रश्श्यातलं सोतो आयाम, केळीच्या पानात भाजलेला मासा, आंबट-तिखट आसाम पेदास: यातलं काहीही मागवा. मालवणी, गोवन किंवा कोळी घरात वाढलेल्या माणसाला हे ताट लवकर आपलंसं वाटेल. बालीत मात्र चित्र वेगळं असतं. तिथे बहुसंख्य हिंदू आहेत आणि डुकराचं मांस सर्रास खातात. बाबी गुलिंग, म्हणजे अख्खं भाजलेलं डुक्कर, तर तिथला मानाचा पदार्थ. खात नसाल तर 'साते लिलित' किंवा 'लावार' मागवण्याआधी ते कशाचं आहे, हे विचारा.

आता वागण्याचं. मलय खानावळी आणि बहुतेक इंडोनेशियन खानावळी मुस्लिम माणसांच्या आणि हलाल असतात. तिथे आपली बाटली किंवा बाहेरचं खाणं काढू नका. पिशवीतला चिवडा, ठेपले हॉटेलच्या खोलीवर खा. जेवा उजव्या हाताने. हाताने जेवणं तिथे अगदी रीतीचं आहे, त्यामुळे लाजू नका. चमचा-काटा घेतलात तर चमचा उजव्या हातात, आणि काट्याने घास त्यावर ढकलायचा. मलेशियात वाढणाऱ्या बाईला 'काक', पुरुषाला 'आबांग' म्हणा. जाव्हात 'म्बाक' आणि 'मास'. ताई-दादा म्हणण्याची सवय असलेल्या आपल्या लोकांना हे जड नाही, आणि चुटक्या वाजवून बोलावण्यापेक्षा कितीतरी शोभतं. रमजानच्या महिन्यात दिवसा अनेक खानावळी बंद असतात आणि सूर्यास्ताच्या वेळी खच्चून गर्दी असते. उपास सोडणाऱ्यांना आधी बसू द्या, तुम्ही तासाभराने जा. सिंगापूरच्या हॉकर सेंटरमध्ये जेवून झाल्यावर ट्रे स्वतः नेऊन ठेवावा लागतो. 2021 पासून त्याची सक्तीने अंमलबजावणी होते. हलाल ट्रेचं कपाट वेगळं असतं, ते पाहून ठेवा. टेबलावर टिश्यूचं पाकीट दिसलं तर ती जागा कोणीतरी धरलेली आहे.

पैशांचंही सांगतो. मिश्र भाताच्या दुकानात तुम्ही दाखवाल तसं ताट भरतात आणि शेवटी किंमत सांगतात. मोठी कोळंबी, माकुल, मोठा मासा यांची किंमत घेण्याआधीच विचारा. नंतर घासाघीस करणं बरं दिसत नाही. इंडोनेशियात पाटीवर नुसतं 25 लिहिलेलं असतं, त्याचा अर्थ 25 हजार रुपिया. सिंगापूरच्या मोठ्या रेस्टॉरंटमध्ये किमतीपुढे अधिकची दोन चिन्हं दिसली, तर सेवाशुल्क आणि कर वेगळे लागतील. तेह तारिक आटवलेल्या गोड दुधाचा असतो. मधुमेह असेल तर बिनदुधाचा, बिनसाखरेचा 'तेह ओ कोसोंग' मागा.

शेवटी गोड. इंडोनेशियातले क्लेपोन, मलेशियातले ओंदे-ओंदे: चिकट तांदळाच्या पिठाचे हिरवे गोळे, आत ताडाचा गूळ, वरून ओलं खोबरं. तोंडात टाकल्यावर गूळ फुटतो, तेव्हा उकडीच्या मोदकाची आठवण आल्यावाचून राहत नाही. अख्खा गोळा तोंडात टाका, चावून तोडू नका, नाहीतर पाक कपड्यांवर येतो. उन्हाच्या वेळी चेंदोल हे नारळाच्या दुधाचं गार, गोड पेय प्या. हे दोन्ही पदार्थ बहुतेक शाकाहारींनाही चालतील.

सहल ठरवताना संयोजकांना आताच सांगा: एका दुपारचं जेवण मोकळं ठेवा, ज्यांना यायचं आहे त्यांना स्थानिक खानावळीत न्या, बाकीच्यांची सोय नेहमीप्रमाणे करा. चार-सहा जणांनी मिळून जा, म्हणजे दहा पदार्थ वाटून खाता येतात आणि एखादा नाही आवडला तरी कोणी उपाशी राहत नाही. मुलांना बरोबर घ्या. त्यांना सांबाल चाखू द्या, तेम्पे मोडून बघू द्या, 'काक' अशी हाक मारू द्या. स्वयंपाक करणाऱ्या बाईला विचारा, हा मसाला कशाचा? ती हौसेने सांगेल. दुसऱ्याच्या घरचं अन्न विचारून, समजून आणि मान देऊन खाणं हा आपल्याकडचा जुना संस्कार आहे. तो समुद्रापलीकडेही पाळा.