विषय मुलीचा, निवड कुणाची?



आपल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाच्या महाविद्यालयांतही आता राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार पदवीला मुख्य विषयासोबत मायनर, ओपन इलेक्टिव्ह निवडता येतात. विद्यार्थी केंद्रस्थानी, असं म्हणतात. पण वर्गात नोट्सच उतरवायच्या असतील, तर विषय बदलला, शिकवणं तेच राहिलं. आपल्या स्वाध्यायाच्या पाच प्रकारांत वाचनेनंतर लगेच पृच्छना येते, म्हणजे शंका विचारणं. प्राध्यापकांनी रोज तासातली दहा मिनिटं त्यासाठी राखावीत.

आणि आपण? “लग्नानंतर काय उपयोग?” म्हणत तिने निवडलेला इतिहास खोडून तिथे कॉमर्स लिहितो. घरात जिला बोलू दिलं नाही, ती वर्गात काय विचारणार? अर्ज तिचा आहे, तिलाच भरू द्या.