कांद्याला वेळ द्या, बॉस!

फ्रेंच अनियन सूपमध्ये असतं काय? कांदा, बटर, स्टॉक, पाव, चीज. पण तो कांदा मंद आचेवर चांगला पाऊण तास परतावा लागतो, तेव्हा कुठे तांबूस होऊन गोडीला येतो. कोरेगाव पार्कातल्या एका छोट्या फ्रेंच रेस्तराँत परवा आमच्यापुढे आला तो चक्क कचकचणारा कांदा! वर ग्रुयेरऐवजी पिझ्झावालं चीज. ग्रुयेर महाग पडतं, मान्य. पण कांदा तर आपल्या नाशिकचा ना?

कोक ओ व्हँ म्हणजे रेड वाइनमध्ये मुरत शिजलेली कोंबडी. इथे उकडलेल्या चिकनवर नुसता वाइनचा सॉस. क्रेम ब्रुलेवरची साखर चमच्यानं टचकन फुटायला हवी. आधीच जाळून फ्रिजात ठेवल्यानं ती पार पाघळलेली.

मेणबत्त्या, अकॉर्डियन, हसतमुख स्टाफ, सगळं फक्कड हं. आठच टेबलं आणि मालक स्वतः येऊन विचारपूस करणार. अशी जागा टिकावी असं मनापासून वाटतं, म्हणून त्यांना कांद्याचं स्पष्टच सांगितलं. एवढा वेळ गिऱ्हाईक थांबत नाही म्हणे. अहो, कांदा सकाळीच परतून ठेवता येतो की! आणि आम्ही त्या सूपसाठी थांबलो होतो पन्नास मिनिटं.